कोठीतली प्रत
कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचा वास आला की मला आईची ज्वारीची कोठी आठवते. वडील गेले आणि काही दिवसांत घरचा कॉम्प्युटर कुरकुरायला लागला. त्यांचा आवाज त्यातच होता. सारंगखेड्याच्या जत्रेत घेतलेल्या घोडीची गोष्ट त्यांनी सांगितली होती, ती मीच रेकॉर्ड केली होती. दोन प्रती दोन घरांत हव्यात, असं मी आईला समजावलं. एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली, एक सुट्या हार्डडिस्कवर. पेनड्राइव्ह मी माझ्याकडे नेला. हार्डडिस्क तिने फडक्यात गुंडाळून पाल्यासकट ज्वारीत खुपसली. "दाना वरीसभर टिकस, मंग हाई बी टिकी," म्हणाली. वर्षश्राद्धाच्या दुपारी कॉम्प्युटर सुरूच होईना, म्हणून मी ती डिस्क कोठीतून काढून लॅपटॉपला लावली. अंगणात मिरच्या वाळत होत्या, खोलीत ठसका भरला होता. घोडीची गोष्ट संपली, जरा खरखर झाली, आणि वडील म्हणाले, "कोठीनं झाकन उघडंच शे वं, लाई दे." मी मागे पाहिलं. डिस्क काढताना झाकण मीच उघडं टाकलं होतं. आई "हां, लावस," म्हणत उठली, झाकण लावून पुन्हा ऐकत बसली. रेकॉर्डिंगच्या दिवशीही ते उघडं राहिलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. घरी येऊन पेनड्राइव्ह लावला. त्यात गोष्ट संपते, खरखर होते, आणि पुढे कुणीच बोलत नाही. आता आईही नाही. कोठी माझ्या घरी आहे, डिस्क ज्वारीतच आहे. हे लिहायला बसण्याआधी मी झाकण पाहून आलो.