अकरा पोती माती

बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं आणि बोरसीला भाड्याचं घर मिळालं. सामान टेम्पोत चढवायच्या दिवशी आई अडून बसली. म्हणे, मागच्या अंगणातली माती घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही. त्या मुरमाड जागेत वर्षानुवर्षं शेण, राख आणि पालापाचोळा घालून तिने माती काळी केली होती. क्वार्टर प्लांटचं असेल, माती माझी आहे, असं तिचं म्हणणं. अकरा पोती भरली. टेम्पोवाला हसला, शेजारी हसले, खरं सांगायचं तर मीही हसले. बाबा मात्र मुकाट्याने पोती चढवत राहिले. मला तेव्हा त्यांचं फार कौतुक वाटलं.

नव्या घरात आईने हाय खाल्ली. सकाळी खिचडी टाकायची आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. बोललीच तर कुंड्यांबद्दल.

"मले मोठ्या कुंड्या आणून द्या. त्याच्यात भाजी लावीन."

"कुंड्या कावून पाहिजे?" बाबा म्हणाले. "मागं एवढी जागा पडून राहिली. तिथंच लाव ना."

"घरमालक काही म्हणतीन तर?"

"मी बोललो त्यायच्याशी. तू लाव."

काय बोललात, हे आम्ही दोघींनी विचारलं नाही. क्वार्टरमध्ये उभा जन्म गेलेल्या माणसांना ही अक्कल कुठून असणार? तिथे ज्याच्या मागच्या दाराशी जी जागा, ती त्याची. कोणी कागद मागत नसे.

दुसऱ्या दिवशी आई उठली. आम्ही तिघांनी त्या जागेतले विटांचे तुकडे वेचले, गाजरगवत उपटलं आणि अकराही पोती ओतून वाफे केले. भेंडी, बरबटी म्हणजे चवळी, अंबाडी, लाल भाजी. आई पुन्हा भाकरी थापायला लागली, मला पुन्हा रागवायला लागली. मग तिला मुनगा लावायची हुक्की आली. तो शेवगाच, पण भिलाईत त्याला शेवगा कोण म्हणतो!

"शेंगा यायले वरीस-दीड वरीस लागतीन," ती बाबांना म्हणाली. "लावू का?"

 बाबांनी फावडं घेतलं आणि गुडघाभर खड्डा खोदून दिला.

बरबटीचा पहिला तोडा निघाला तो दसऱ्याच्या आसपास. आमच्याकडे पहिला तोडा आधी देवापुढे ठेवायचा आणि मग ज्याची जमीन, त्याच्या घरी पोचवायचा. वाडग्यात शेंगा घेऊन आम्ही दोघी समोरच्या गल्लीत घरमालकिणीकडे गेलो. बाई भली होती. शेंगा बघून तिला वाईटच वाटलं.

"अरे भाभी, इतनी मेहनत क्यों कर ली? हमने तो भाईसाहब को पहले ही दिन बता दिया था, दिवाली के बाद वहाँ दो कमरे बनवाएँगे."

आईने वाडगा तिच्या ओट्यावर ठेवला, तो व्यवस्थित सरकवला आणि घरी आली.  संताप माझाच होत होता. घरमालकाने फसवलं असतं तर त्याच्या नावाने बोटं मोडून मोकळी झाले असते. इथे आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"बाबा, तुमाले माहीत होतं?" मी दारातूनच ओरडले.

त्यांनी पेपर खाली ठेवला. "तुही आई जेवत नव्हती. मले वाटलं, दिवाळीपर्यंत सावरीन. मग सांगू."

"मी तर कुंड्याच म्हणत होती," आई हळूच म्हणाली. "कुंड्या उचलून नेता आल्या असत्या. आन मुनग्याचा खड्डा? तो कावून खोदून देल्ला?"

 आजही मला तोच खड्डा खुपतो. एखादं माणूस गप्प राहतं, हे मी समजू शकते. पण दोन महिने टिकणाऱ्या झाडासाठी घाम गाळून खोदायचं, म्हणजे खोटं हातांनी बोलायचं.

मी रिकामी पोती घेऊन माती परत भरायला निघाले. आईने ती माझ्या हातातून काढून घेतली. "राहू दे. अंबाडी उभी आहे त्याच्यात." दिवाळीनंतर मजूर आले. पाया खणताना निघालेली काळी माती त्यांनी गल्लीतल्या खड्ड्यात लोटली आणि वरून पायांनी दाबली.

आई पुन्हा आजारी पडली नाही. भांडलीही नाही. बाबा म्हणाले तसं तिला सावरता आलं, हे मला कबूल करावं लागतं. फक्त आता बाबांनी झोपताना "गॅस बंद केला" म्हटलं, की ती "बरं" म्हणते, आणि उठून पाहून येते.