आडवा पडलेला रिसीव्हर

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत काउंटरपाशी उभा होतो. पलीकडे टेबलावर फोनचा रिसीव्हर आडवा पडला होता आणि त्यातून एका बाईंचा आवाज येत होता, "हॅलो... अहो, आहात ना?" "होल्ड करा हं, साहेब जागेवर आहेत का बघतो," असं त्यांना सांगून क्लार्क चहाला निघून गेला होता. साहेब शेजारच्याच खुर्चीत शेंगा सोलत होते.

आमचा नळ कोरडा पडल्यापासून रोज फोन करणारा मीही असाच या टेबलावर पडून असायचो, हे आत्ता कळलं. फोन आपटणारा माणूस निदान चिडतो तरी. पलीकडे कुणीतरी आहे, हे त्याला मान्य असतं. बाजूला ठेवणाऱ्याच्या लेखी आपण शेंगांची टरफलं.

हात लांबवून मी रिसीव्हर उचलला.

"बाई, साहेब जागेवरच आहेत. शेंगा खाताहेत. फोन त्यांच्या कानाला लावतो. मनात येईल ते बोला, अजिबात आवरू नका."

बाईंनी आवरलं नाही. साहेब "अहो, हे काय!" म्हणत मान मागे घेऊ लागले.

"होल्ड करा हं," मी म्हटलं, "बाईंचं अजून व्हायचंय."