जावयानं दुरुस्त केलेला कॅमेरा

आमच्या सासुरवाडीत मी दुरुस्त केलेली एकही वस्तू, एक रिमोट सोडला तर, पुन्हा बिघडलेली नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही, याला साक्षीदार आहेत. त्यातला एक साक्षीदार म्हणजे चक्क कॅमेरा, आणि सगळा घोटाळा त्यानंच केला.

माझी सासुरवाडी बोरीची. मी परभणीला एका शाळेत भूगोल शिकवतो, पण माझा खरा ओढा स्क्रू-ड्रायव्हरकडे. घरात काही बंद पडलेलं दिसलं की माझे हात शिवशिवतात. (चालू असलेलं दिसलं तरी शिवशिवतात, असं आमच्या सुरेखाचं म्हणणं आहे. सुरेखा म्हणजे माझी बायको.) अडचण एकच होती. सुरेखाच्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे साडू दिगंबरराव, पूर्णेला रेल्वेत मेकॅनिक. त्यामुळे विहिरीवरची मोटार अडो नाहीतर घरातली शिलाई मशीन, सासरे एकच वाक्य म्हणायचे, ‘थोरल्या पाव्हण्याला विचारा.’ आणि धाकट्या पाव्हण्याला काय विचारायचं? तर अजून भजी वाढू का! चौदा वर्षं मी मुकाट्यानं भजी खाल्ली. मरण्याआधी एकदा तरी त्या घरात ‘धाकट्या पाव्हण्याला विचारा’ हे शब्द ऐकायला मिळावेत, एवढीच माझी इच्छा होती.

ती संधी अक्षय तृतीयेला चालून आली. आम्ही सणाला गेलो तर माझा मेहुणा सोपान ओसरीवरच्या कॅमेऱ्याकडे बघत उभा. सगळे शेतात गेले की घर आणि गोठा मोबाइलवर दिसावा म्हणून त्यानं तो हौसेनं बसवला होता आणि चार दिवसांपासून तो बंद होता. थोरले दाजी आले की दाखवू, असं सोपान म्हणायला लागला. मी म्हटलं, थोरल्यांना कशाला तसदी? मी आहे ना! आता आमच्याकडे जावयाला नको म्हणायची पद्धत नाही. सोपाननं सासऱ्यांकडे बघितलं, सासऱ्यांनी पत्र्याकडे बघितलं.

‘बघा की पाव्हणे,’ सासरे शेवटी म्हणाले. ‘तुमचंच घर हाय.’

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामांची परवानगी मिळताच मी ओसरीवर चादर पसरून कॅमेरा खोलला. खोलताना सात स्क्रू निघाले, बसवताना चारच पुरले. (कंपन्या उगाच जास्तीचे स्क्रू घालतात, हे माझं जुनं निरीक्षण आहे.) आत एक पातळ पट्टी लोंबत होती, ती सुरेखाच्या केसांतल्या पिनेनं कोंबून बसवली. भिंग धुरकट वाटलं म्हणून रांगोळीच्या पुडीनं खसखसून घासलं. आमच्या आईनं कंदिलाच्या काचा रांगोळीनंच लख्ख ठेवल्या होत्या, मग भिंग काय वेगळं असतं? तरीही कॅमेरा चालेना. तेव्हा मी निदान केलं की त्याला करंट कमी पडतोय. कोनाड्यातल्या दुसऱ्या बोर्डाला सोपानच्या फवारणी पंपाचा चार्जर लावलेला होता, चांगला दणकट. तो मी कॅमेऱ्याला जोडला. बारीकसा आवाज झाला आणि कॅमेऱ्यातून निळसर धूर निघाला.

सासूबाईंनी पुरणपोळ्यांचं ताट उचलून आत नेलं. मी सगळ्यांना धीर दिला की आतली जुनी धूळ जळाली, हे चांगलंच लक्षण आहे. आता तसाच टांगा, जरा तापू द्या, उद्यापर्यंत चालू होईल. मग आमरसावर ताव मारून आम्ही संध्याकाळच्या गाडीनं परभणी गाठली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांचा फोन आला.

‘पाव्हणे, लय झकास चालायलाय. आदीपेक्षा बी भारी.’

मी फोन स्पीकरवर टाकला, सुरेखाला हाक मारली आणि मामांना तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. त्यांनी म्हटलंही बिचाऱ्यांनी. सुरेखा पीठ चाळायला आत निघून गेली.

त्यानंतर मला कोण अडवणार? पुढच्या रविवारी सासूबाईंचा मिक्सर उघडला. त्याच्या पुढच्या रविवारी पंखा, आणि हातासरशी टीव्हीचा रिमोटही. दर वेळी दोन दिवसांनी फोन यायचा की पाव्हणे, नव्यासारखं चालायलंय. माझा हातगुण मलाच थक्क करू लागला. सासुरवाडीत काही बदलही माझ्या लक्षात आले. मी जायचो तेव्हा टीव्हीवर चादर टाकलेली असायची आणि वॉशिंग मशीनसमोर ज्वारीची पोती रचलेली असायची. शेजारचे एक गृहस्थ रेडिओ घेऊन माझ्याकडे येत होते, त्यांना सोपाननं फाटकातूनच परत पाठवलं. मला वाटलं, जावयाला त्रास नको म्हणून. या घरातली माणसं फार समजूतदार, असं मी सुरेखाला दोनदा बोलूनही दाखवलं.

मग आला धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा येणारा हा अधिक मास म्हणजे जावयाची चैन. जावई या महिन्यात साक्षात नारायण असतो. दोन्ही नारायण जोडीनं पाटावर बसले. औक्षण झालं, नवे कपडे मिळाले, ताटात पुरणाचे धोंडे आणि त्यावर तुपाची धार पडली. दिगंबरराव तेवढ्यात मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले की कॅमेरा तुम्ही दुरुस्त केला म्हणे! त्या हसण्याचीच मी वाट बघत होतो. शहाण्या माणसानं पुरावा बरोबर ठेवावा. मी सकाळीच कॅमेऱ्यातलं कार्ड काढून ते टीव्हीला जोडायच्या यंत्रात घालून ठेवलं होतं.

मी उठून टीव्हीवरची चादर ओढली. मामा म्हणाले, ऱ्हाऊ द्या पाव्हणे, धोंडे निवायलेत. सोपान म्हणाला, दाजी, लाइट जायची वेळ झालीय. सासूबाईंनी तर माझ्या ताटात विचारल्याशिवाय दोन धोंडे वाढले. एवढा विनय बघून मला भरून आलं. मी दिगंबररावांना समजावून सांगितलं की यात कुणी हललं तरच चित्रण होतं, त्यामुळे दुरुस्तीच्या दिवसापासूनचं सगळं शिल्लक आहे. आपण अगदी पहिल्यापासून बघू.

यंत्र टीव्हीला जोडताच चित्रण आपोआप सुरू झालं. पडद्यावर मामांचं नाक आलं, टीव्हीभर! मग नाक मागे सरकलं आणि मामा शिडीवर उभे दिसले. खाली शिडी धरून सोपान होता. चित्र खरोखर स्वच्छ होतं, आवाज त्याहून स्वच्छ.

‘आबा, बोर्डातली पिनच ढिली होती,’ पडद्यावरचा सोपान सांगत होता. ‘म्हणून ह्यो नवा बी चालू होईना. म्हंजी पहिला चांगलाच होता.’

‘गप,’ पडद्यावरचे मामा म्हणाले. ‘धाकट्या पाव्हण्याला कळू देऊ नगं.’

‘आन् त्यांनी खोलल्याला?’

‘कडब्यामागं टाक. झकास चालायलाय म्हणून फोन करतो मी.’

मी रिमोटचं बटण दाबलं. चित्र थांबेना. पुन्हा दाबलं, अंगठा दुखेपर्यंत दाबलं. घरातली ही एकच वस्तू बदलायची त्यांच्याकडून राहून गेली होती. चित्रण आपलं पुढे चालूच! सोपान मिक्सर काखेत मारून मोटारसायकलवर निघाला आणि नवं खोकं घेऊन परत आला. मग पंखा गेला, पंखा आला. मग बापलेक ज्वारीची पोती घरात नेताना दिसले आणि मामा म्हणाले, नीट रचा, मशीन दिसलं न्हाई पायजे, उद्या पाव्हणे यायलेत.

दिगंबररावांना धोंड्याचा ठसका लागला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते काही केल्या थांबेना. मला मात्र पाटासकट जमिनीत जावंसं वाटत होतं. लाज तर वाटलीच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते मामांचं. गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या टाळणारा तो माणूस माझा मान राखायला शिडीवर चढला होता.

मामा उठले. शांतपणे बोर्डाशी गेले आणि त्यांनी टीव्हीची पिन उपसली.

‘हसू नका दिगंबरराव,’ ते म्हणाले. ‘कॅमेरा बिघडलाय. काय बी दाखवायलाय.’ मग सोपानकडे वळून म्हणाले, ‘काय झालंय त्याला, धाकट्या पाव्हण्याला विचारा.’

चौदा वर्षं ज्या वाक्यासाठी भजी खाल्ली, ते वाक्य असं भर पंगतीत आलं! सगळे माझ्याकडे बघायला लागले. काहीतरी बोलणं भाग होतं.

‘पिन ढिली असेल,’ मी म्हणालो.

आधी सोपान हसला, मग सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या, आणि शेवटी मामा असे हसले की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. मीही हसलो. आयुष्यातलं माझं ते पहिलं अचूक निदान होतं.

संध्याकाळी आम्ही परतीची एसटी पकडली. मग राहवेना म्हणून सुरेखाला विचारलं की सासुरवाडीचं जाऊ दे, पण आपल्या घरचा टेबलफॅन तर मी दुरुस्त केला ना? तो तर दोन वर्षं व्यवस्थित चालतोय. तिनं खिडकीबाहेर बघितलं.

‘तो तिसरा हाय,’ ती म्हणाली.

मी समोर बघायला लागलो. एवढ्यात समोरच्या सीटचा दांडा खडखडताना दिसला. नीट बघितलं तर एक स्क्रू अर्धा बाहेर आलेला! कोणालाही लागला असता. माझा हात आपोआप खिशातल्या स्क्रू-ड्रायव्हरकडे गेला, तोच सुरेखानं तो हात धरला आणि वाटेतलं झरी गाव मागे पडेपर्यंत सोडला नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण भर गाडीत बायकोनं माझा हात एवढा घट्ट धरण्याची ती पहिलीच वेळ.