कोरी कॅसेट

‘दत्ताराम, कॅसेट तुझ्याकडेच असेल. परत नको. पण कुठे असतोस ते तरी कळव.’

इतकं लिहून वसुधाबाईंनी पेन खाली ठेवलं. दिवसभर बँकेत काउंटर सांभाळायचा आणि संध्याकाळी घाटकोपरच्या शाळेत जपानी शिकवायचं; पत्राला अंगात त्राण उरतं कुठे?

दत्ताराम त्यांचा विद्यार्थी. ब्याऐंशीच्या संपात गिरणी सुटली, तेव्हापासून पवईजवळच्या कारखान्यात टेंपररी फिटर. यंत्रं जपानी. तोंडी परीक्षेत निवडला जाईल तो ट्रेनिंगला जपानला जाणार, परतल्यावर कायम होणार. म्हणून हा चाळिशीतला गडी पोरांच्या बाकावर गुडघे आवळून बसायचा. आणि पेंगायचा.

अडायचं एकाच जागी. जपानीत ‘घरात आहे’ म्हणताना ‘नि’ लागतो, ‘कारखान्यात राबतो’ म्हणताना ‘दे’; हा नेमकं उलटं करायचा.

“बाई, आपला ‘त’ दोन्हीकडे चालतो. ह्यांना दोन कशाला?”

“नुसतं असायचं तिथे ‘नि’, काही करायचं तिथे ‘दे’. कितीदा सांगू रे?”

“मग आमच्या मेव्हण्याला ‘नि’च. घरात असतो, करत काय नाय.”

वर्ग खो खो हसला. दमलेल्या बाईसुद्धा.

बाई स्वतः जपानला कधीच गेल्या नव्हत्या. जन्मभर शिकवलेली भाषा त्यांनी ऐकली ती इथल्याच, त्यांना शिकवणाऱ्या मास्तरांच्या तोंडून. एकदा त्यांनी कोरी कॅसेट त्याच्या हातात ठेवली. “तिथल्या मंडईत बायका कशा बोलतात, ते भरून आण. भांडत असतील तर उत्तमच.”

हळूहळू त्याला जमू लागलं. आणि परीक्षा लागली नेमकी गणेशचतुर्थीला.

“तारीख बदलून माग.”

“मागितली. जपानी सायब नाय म्हणाला.”

“मग बस ना परीक्षेला! गणपती काय, दरवर्षी येतो.”

“पाळी नाय येत, बाई. तीन घरांत फिरते. औंदा आमची. मूर्ती दुसऱ्याच्या हातून बसवू?”

“वाट लावून घे स्वतःची!”

तो गावाला गेला. जपानला दुसराच गेला.

परत आल्यावर गावचे गुळातले कडक खटखटे लाडू घेऊन तो वर्गावर आला. सोबत कॅसेट, वरचा कागदही न फाडलेली. “ठेव तुझ्याकडेच,” बाई तुटकपणे म्हणाल्या, “पुढच्या खेपेला बघू.”

पुढची खेप आलीच नाही. कारखान्याने टेंपररी माणसं काढली, आणि तो चारकोपला राहायला गेल्याचं कुणीतरी सांगितलं. सेक्टर कुठला, ते बाईंना ठाऊक नव्हतं; पत्रावर पत्ता काय घालणार? मंडईतल्या त्या बायका ऐकायच्या राहिल्या त्या राहिल्याच.