हबीबमियाँची चौथी तबकडी

परवा छावणीच्या बाजारात बहिणीसाठी लाखेच्या बांगड्या घेत होतो. निखाऱ्यावर लाख तापली आणि उन्हात पडलेल्या ग्रामोफोनच्या तबकड्यांचा तोच वास आला; त्याही लाखेच्याच असायच्या.

आठ वर्षांपूर्वी या बाजारात हबीबमियाँ नकला करायचे. विनोदी गाण्यांच्या त्यांच्या तीन तबकड्या निघाल्या होत्या. चौथीत त्यांनी आमचीच, म्हणजे नळासाठी लढणाऱ्या आमच्या समितीची, नक्कल केली. नळाच्या मागणीसाठी भाषण ठोकता ठोकता घसा सुकलेला पुढारी पाणी मागतो आणि मागून बायका गातात, "आधी नळ, मग भाषण!" तबकड्यांच्या दुकानासमोर लोक पोट धरून हसत होते. जनतेच्या लढ्याची थट्टा! आम्ही रीतसर निषेधाचा ठराव केला, पत्रक काढलं, दुकानदाराला दम भरला. घाबरून त्यानं सगळ्या तबकड्या बाहेर उन्हात आणून टाकल्या. दुपारपर्यंत त्या पापडासारख्या वाकल्या.

हबीबमियाँ एवढंच म्हणाले, "बेटा, लोक हसतेत म्हणून ऐकतेत. तुमचा कागद कोन वाचतंय?"

त्यांची पाचवी तबकडी निघालीच नाही. पुढच्या आठवड्यात बायका घागरी घेऊन कचेरीवर गेल्या आणि नळ आला. ते यश आमच्या पत्रकाचं, असं मी सभेत ठणकावून सांगितलं.

परवा बांगडी वळताना ती बांगडीवाली बाई गुणगुणत होती, "आधी नळ, मग भाषण." मी विचारलं, "मोर्चाला होतात? आमचं पत्रक वाचलं होतं?"

"पत्रक? नाय भाऊ. हेच गाणं म्हणत गेलतो कचेरीवर."

निषेधाचा तो ठराव अजून आमच्या दप्तरात आहे. एकमतानं मंजूर. खाली सही माझी.