रांगेतला शेवटचा सायकलवाला

ये वं पोरी, जवळ बस. दारातच काहून उभी राहून राहिली? महिनाभर तोंड दाखवलं नाहीस, आता ऐकूनच जा.

बहात्तरच्या आसपासची गोष्ट. सायकलींवर देश फिरणारी पुण्याकडची पोरं आमच्या सीताबर्डीच्या शाळेत उतरली होती. पावसानं त्यांचा मुक्काम एक दिवस वाढला. बाकीचे पत्ते खेळून राहिले होते, अन् एक जण व्हरांड्यात साऱ्यांच्या साखळ्या रॉकेलनं धुवून राहिला होता. धुतलेली साखळी चढवून पायडल फिरवायचा अन् कान लावून ऐकायचा.

"मिस्त्री, माझे ब्रेकही बघ रे!" कुणी ओरडलं, तर नुसता मान हलवायचा.

संध्याकाळी आम्ही बाया त्यायले ओवाळायले गेलो. तो घाईघाईनं हात धुवून, ओल्या केसांचा भांग पाडून रांगेत शेवटी उभा राहिला. शर्टाले ऑइल लागलेलं. मले वाटलं, हा मागून सामानाच्या गाडीत आला असंल. मी ताट घेऊन तशीच वळली.

तो हळूच म्हणाला, "ताई, मीही सायकल चालवतच आलो. मला रस्ता कमी नव्हता."

"घ्या, आता मिस्त्रीलाही टिळा पाहिजे!" पोरं हसली.

मीही हसली वं. ताटात दिवा जळत होता, दोन पावलं मागं जायचं होतं फक्त.

तो पुन्हा साखळ्यांपाशी जाऊन बसला. सकाळी पाऊस उघडला, सारे निघून गेले. त्याचं नाव विचारायचं तोंडच मले उरलं नव्हतं.

चालली का? बरं. पण लवकर ये. हे मी घरात कोणालेच सांगितलं नाही.