घड्याळजीच्या बायकोसाठी प्रार्थना

आमच्या तिघांपैकी खरे वाचणारे म्हणजे मास्तर. कल्याणच्या एका शाळेत ते मराठी शिकवत आणि शिकवून उरलेलं सगळं डोकं जुन्या, जाडजूड, अभिजात म्हणतात तसल्या कादंबऱ्यांत घालत. दुसरा आमचा कंडक्टर. नोकरी ठाण्याला, खोपटच्या एसटी डेपोत, पण सासर कल्याणचं असल्यामुळे चर्चही कल्याणचंच. सासरची माणसं बाकावर बसून हजेरी घेत. तिसरा मी, राहायला डोंबिवलीत, ठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअर्सचा कारकून. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. रविवारी उपासना झाली की महिला मंडळाची मीटिंग असे. बायका आत बसत आणि आम्ही चर्चमागच्या पडवीत चहाचे ग्लास घेऊन एकेका कादंबरीची चिरफाड करत असू.

चिरफाड ख्रिस्ती पद्धतीची. मास्तरांच्या खिशात कायम पेन्सिलीचा तुकडा असे. कादंबरीतल्या कुणी दहा आज्ञांपैकी एखादी मोडली की ते त्या ओळीशेजारी, समासात, तिचा आकडा घालत. शेजाऱ्याच्या वस्तूवर डोळा ठेवला की दहा, खोटं बोललं की नऊ, चोरी केली की आठ, दुसऱ्याच्या बायकोच्या नादी लागला की सात, जीव घेतला की सहा. कंडक्टर पुस्तक हातात पडताच आधी समास चाळायचा.

"मास्तर, पन्नास पानं झाली, एक पण सात नाही? कोण वाचणार हे?"

"धीर धरा," मास्तर गंभीरपणे सांगत. "साठाव्या पानावर माळीकाका येतात."

कंडक्टरचं धर्मशास्त्र वेगळं होतं. त्याच्या मते जगात सगळेच विनातिकीट. "आपलं तिकीट दुसऱ्यानंच काढलंय म्हणून आपण सीटवर बसलोय. मग बाकीच्यांना खाली उतरवणारे आपण कोण रे?" असं तो म्हणायचा आणि मास्तरांनी नरकात धाडलेल्या नायकांना पुन्हा गाडीत घ्यायचा. मी मधला. म्हणजे मला दोघांचंही पटायचं नाही, आणि शेवटचा शब्द माझा असावा असं वाटायचं.

पात्रांसाठी प्रार्थना करायची टूमही कंडक्टरनंच काढली. आधी थट्टाच होती, पण पुढे सवय पडून गेली. त्यात एक अडचण आली. आमच्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत आणि अभिजात कादंबरीत शेवटाला बहुतेक सगळे मरतात. मास्तरांनी निवाडा दिला की जे प्रकरण चालू आहे तिथपर्यंत जो जिवंत तो प्रार्थनेला पात्र. त्यामुळे आम्ही सगळ्या प्रार्थना पुस्तकाच्या मध्यावरच उरकून घेत असू.

त्या वर्षी नाताळाच्या दोनेक महिने आधी मास्तरांना रद्दीवाल्याकडे एक कादंबरी मिळाली. पुठ्ठा आणि पहिली पानं गळालेली, त्यामुळे नाव-गाव कळायला मार्ग नव्हता. युरोपातली, शंभरेक वर्षांपूर्वीची असावी. वाचताना कंटाळा येतो तरी खाली ठेवता येत नाही, म्हणजे अभिजातच, असं मास्तर म्हणाले. त्यात एका थंड गावातला घड्याळजी होता. निर्व्यसनी, देवभीरू, वेळेवर घरी येणारा. आवाज चढवणं त्याच्या स्वभावातच नव्हतं; तो बायकोशी बोलतच नसे. कोठीच्या आणि सरपणाच्या खोलीच्या किल्ल्या त्याच्या कमरेला. एके दिवशी बायको लेकीला घेऊन दुसऱ्या गावी निघून जाते आणि कपडे शिवून पोट भरू लागते.

मास्तरांनी तिच्या नावावर एक नऊ घातला, कारण जाताना ती बहिणीकडे चालले असं खोटं सांगते. घड्याळजीच्या नावावर एकही आकडा नव्हता.

"ह्याचा समास एकदम कोरा," कंडक्टर म्हणाला. "मला नाही आवडत असला माणूस."

मी घड्याळजीच्या बाजूचा होतो. चांगलं घर, चांगला नवरा सोडून जायचं म्हणजे काय? मी त्या बाईवर खराच चिडलो होतो. आज सांगायला लाज वाटते, पण चिडलो होतो.

त्याच्या पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी मागायची, प्रार्थना मला करायला सांगितली. माझी प्रार्थना चांगली म्हणून मंडळीत माझं नाव होतं, आणि मला ते माहीत होतं. मी आजाऱ्यांसाठी मागितलं, परीक्षेच्या मुलांसाठी मागितलं, बेकारांसाठी मागितलं. डोळे मिटलेले, आवाज लागलेला. त्या भरात तोंडातून निघून गेलं, "आणि हे प्रभो, त्या भगिनीची आठवण कर, जी नवऱ्याचं घर सोडून लेकीला घेऊन निघून आली आहे, जी शिवणकाम करून दिवस काढते आहे. तिचं कठीण झालेलं मन मऊ कर. तिला आपल्या घरी परत जायची बुद्धी दे."

बायकांच्या बाजूनं असं आमेन आलं की छप्पर हललं असतं. कंडक्टर गीतांच्या पुस्तकामागे तोंड लपवून हसत होता. मीही आमेन म्हणून समाधानानं खाली बसलो.

बाहेर आल्यावर पहिल्या बाकावरच्या मावशींनी माझा हात धरला. या मावशी म्हणजे महिला मंडळाचा कणा. "बरं केलंत हो. कुणीतरी बोलायलाच हवं होतं. बिचारी शेवटच्या आशीर्वादाच्या आधीच उठून गेली. लागलं असणार मनाला."

"कोण गेली?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच ती कोण ते लक्षात आलं.

सहाएक महिन्यांपासून शेवटच्या बाकावर एक बाई बसत असे, सात-आठ वर्षांच्या लेकीला घेऊन. माहेर विठ्ठलवाडीचं. नवरा मनमाडकडचा, तिथल्या मंडळीत पंच, गळा गोड, सगळ्यांना हवाहवासा. त्याला सोडून ती आईकडे येऊन राहिली होती आणि ब्लाउज शिवून, साड्यांना फॉल-पिको करून देत होती. तिला सगळे ओळखत. तिच्याबद्दल सगळे बोलत. तिच्याशी कुणी बोलत नसे. मीही कधी बोललो नव्हतो. प्रार्थना करताना तर ती डोक्यातही नव्हती, आणि मला वाटतं तीच गोष्ट जास्त वाईट.

मी मावशींना, पाळकसाहेबांना समजावायला गेलो तोवर गाडी पुढे गेलेली. देवानंच माझ्या तोंडून सुचवलं असं ठरवून पाळकसाहेबांनी सोमवारी तिच्या नवऱ्याला पत्र टाकलं की नाताळाच्या आधी यावं आणि बायकोला सन्मानानं घेऊन जावं. मंडळी तिची समजूत घालेल.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कंडक्टरला साक्षीदार म्हणून घेऊन, ती कादंबरी पिशवीत घालून विठ्ठलवाडीला गेलो. दार तिच्या आईनं उघडलं.

"आता काय, घरी येऊन करणार प्रार्थना?"

ती आत मशीनवर बसली होती. पाय थांबले, पण ती उठली नाही. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. घड्याळजी, त्याची बायको, आमची टूम. सांगताना माझं मलाच ते इतकं बावळटपणाचं वाटलं की मी शेवटी अडखळलो.

"पुस्तकातल्या बाईसाठी?" ती म्हणाली. "चर्चमध्ये उभं राहून?"

"हो, ताई."

"तुम्हाला काही कामंधामं नाहीत का?"

"खरं सांगू?" कंडक्टर म्हणाला. "रविवारी नसतात."

तिला हसू आलं नाही. तिनं हात पुढे केला, मी पुस्तक दिलं. पानं उलटताना तिनं समासातल्या आकड्यांवर बोट ठेवलं. कंडक्टरनं ते काय आहे ते समजावलं.

"हा घड्याळजी मारायचा का तिला?"

"नाही," मी म्हणालो. "त्याच्या नावावर एकही आकडा नाही."

"माझा पण मारायचा नाही. लोक पहिलं तेच विचारतात. नाही म्हटलं की पुढे काहीच विचारत नाहीत." तिनं पुस्तक मिटलं. "चार वर्षं माझ्याशी बोलला नाही, भाऊ. रविवारी मात्र माझ्या शेजारी बसून गायचा. हे राहू दे माझ्याकडे."

पुढच्या रविवारी मी मंडळीपुढे उभा राहिलो आणि कबूल केलं की माझी प्रार्थना एका कादंबरीतल्या बाईसाठी होती. आधी कुणाला काही कळेना. मग तरुण संघाची पोरं खिदळली. मावशींनी मोठ्यानं विचारलं, "म्हणजे ती बाई नाहीच?" माझे कान तापले. त्यानंतर वर्षभर मला कुणी प्रार्थना सांगितली नाही, आणि ते योग्यच झालं. पण पाळकसाहेब म्हणाले, "बाई खोटी असेल, मागणं काही खोटं नव्हतं." नवऱ्याचं उत्तर आलं होतं. तो पंधरा दिवसांत येणार होता.

त्याच्या पुढच्या रविवारी ती आली. लेकीला घेऊन, शेवटच्या बाकावर. पाळकसाहेबांनी, कुणाला प्रार्थना करायची असेल तर करावी, असं म्हटलं आणि ती उठली. तिचा आवाज आम्ही कुणी ऐकलेला नव्हता.

"प्रभो," ती म्हणाली, "ह्या मंडळीनं माझ्यासाठी जे मागितलंय, ते देऊ नकोस. आमेन."

ती बसली. कुणी आमेन म्हणेना. मला म्हणायचं होतं, पण माझ्या आमेनला आता काय किंमत, असं वाटून जीभ उचलेना. तेवढ्यात पहिल्या बाकावरून आमेन आलं. मावशी पुढे बघत ताठ बसल्या होत्या. पुन्हा म्हणाल्या, जरा मोठ्यानं, "आमेन." मग मी म्हणालो, कंडक्टर म्हणाला, आणि हळूहळू बाकीचे. उपासना संपल्यावर मावशी पाळकसाहेबांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि येऊ नका म्हणून दुसरं पत्र त्यांनी तिथल्या तिथे लिहून घेतलं. नवरा आला नाही. नाताळाच्या कार्यक्रमात तिची लेक देवदूत झाली. पंखांचं कापड आईनंच शिवलं होतं.

पण ते नंतर. त्या रविवारी ती पडवीत आमच्याकडे आली आणि पुस्तक मास्तरांच्या हातात दिलं.

"तुम्ही मागितलं होतं ते तिला मिळालं, भाऊ," ती मला म्हणाली. "ती परत गेली." आणि लेकीचा हात धरून निघाली.

पुस्तक तिच्याकडे गेल्यामुळे आमचं वाचन मध्यावरच थांबलेलं. मास्तरांनी शेवटची प्रकरणं उघडली. ती खरंच परत जाते. घड्याळजी तिला आत घेतो, जेवायच्या टेबलावर बसवतो, बोलत नाही. सरपणाची किल्ली कमरेलाच असते. त्या हिवाळ्यात ती छातीत सर्दी भरून मरते, आणि तो सगळ्या घड्याळांना वेळेवर किल्ली देत राहतो. त्या ओळीशेजारी समासात पेन्सिलीनं एक आकडा होता. अक्षर मास्तरांचं नव्हतं. सहा.

आकड्यांवरून मास्तर आमच्याशी तास तास भांडत असत. या वेळी त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. मग खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला. मला वाटलं खोडणार.

त्यांनी तो सहा गिरवून जरा ठळक केला आणि पुस्तक मिटलं.